उखर्डू नानांचं परराष्ट्र धोरण

आमच्या उखर्डू नानांनी आयुष्यात पाच निवडणुका लढवल्या आणि त्यातल्या एकाही भाषणात गटार, रस्ता किंवा नळ यांचं नाव काढलं नाही. धरणगावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे कुणालाही विचारा, तो आधी तुमच्याकडे बघून हसेल. अशा गावात उभं राहायचं आणि बोलायचं काय, तर युक्रेनवर. पंचायत समितीच्या निवडणुकीतसुद्धा नाना तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर अर्धा तास बोलले होते. लोक त्यांना तोंडावर नाना म्हणत आणि पाठीमागे 'परराष्ट्रमंत्री'. नानांना ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतही होतं.

माझी आणि त्यांची ओळख जिनमधली. गावाबाहेर सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायचा एक कारखाना होता. तिथे मी कारकून आणि नाना गाठींवर शिक्के मारणारे. पत्र्यात कापलेल्या अक्षरांचे साचे, एक आखूड ब्रश आणि काळी शाई, एवढा त्यांचा संसार. नखं कायम काळी. मी कागदावर लॉट नंबर लिहून द्यायचा आणि त्यांनी तो गाठीवर उमटवायचा. पण उमटवण्याआधी दर वेळी प्रश्न ठरलेला, "हाई गाठ कोठे जास रे भाऊ?" मी कंटाळून कुठलंही बंदर सांगायचो. ते त्यांच्या बरोबर लक्षात राहायचं, आणि महिन्याभरानं मी दुसरं सांगितलं की माझी चोरी पकडली जायची.

एका वर्षी लांब कुठेतरी युद्ध पेटलं, जहाजं अडली आणि आमच्या आवारात गाठींचे ढीग लागले. जिन दीड महिना बंद. सगळे मालकाला शिव्या घालत होते. नाना एका गाठीवर बसून ब्रशचे वाळलेले केस नखानं मोकळे करत म्हणाले, "तठे तोफ वाजनी आन् आठे मन्हा ब्रश सुकना. मंग ते परकं कसं व्हयनं?" त्यांच्या परराष्ट्र धोरणाची सुरुवात तिथे झाली. पुढच्याच निवडणुकीला त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि सूचक म्हणून माझी सही घेतली.

धोरण तसं सरळ होतं. ज्या देशाला दोन्ही बाजूंशी बोलता येतं त्यानं गप्प बसू नये. हत्यार विकणाऱ्याला पंच करू नये. सुरक्षा परिषद म्हणजे गावातल्या पाच घरांच्या हाती विहिरीची किल्ली, ती सगळ्यांची झाली पाहिजे. घरात आणि जिनमध्ये अहिराणीशिवाय न बोलणारा हा माणूस माईक हातात आला की शुद्ध मराठीत बोलायचा. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "घरनी गोट घरनी बोलीमा. परदेशनी गोट कराले कपडा घालीसन जाणं पडस."

त्यांचं पत्रक मीच लिहून द्यायचो, म्हणून एक गोष्ट खात्रीनं सांगतो. त्यात एकही आश्वासन नसायचं. मी एकदा शेवटी 'युद्धे थांबवू' असं घातलं होतं. त्यांनी ते शाईनं पूर्ण काळं केलं. "मी थांबाडू शकत नही. मंग वचन कसाले देऊ?" म्हणाले. बाकीचे उमेदवार घरोघर विमानतळ वाटत फिरायचे आणि आमचे नाना एक साधं वचन द्यायला तयार नसायचे. मतं पडणार कुठून?

विधानसभेला दहा सूचक लागतात. आम्ही दहा जण एकाच गल्लीतले, एकाच बूथवरचे. मोजणीत त्या बूथवर नानांना आठ मतं, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. दहा जणांनी सह्या केल्या आणि तिघांनी मत दिलं नाही, हे सगळ्या गावाला कळलं. नानांनी चौकशी केली नाही. त्या तिघांतला एक मी होतो. मत वाया कशाला घालवा, असा हिशोबी विचार केला होता. तो आजही मला टोचतो.

आता त्यांच्या सभेबद्दल सांगायला हवं, कारण तिथूनच मला त्यांची थोडी भीती वाटायला लागली. चौकात संध्याकाळची वेळ मोठे पक्ष घेऊन टाकायचे. नानांच्या वाट्याला यायची दुपारी बारा ते दोन. मे महिन्यातली आमच्याकडची दुपार! कुत्रं सावली सोडत नाही. नाना एकटे हातगाडीवरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायचे, चार रांगा लावायचे आणि रिकाम्या चौकात बोलायला उभे राहायचे. मी एकदा पत्रकं घेऊन गेलो आणि ऐसपैस पहिल्या रांगेत बसायला निघालो.

नाना माईकवरून म्हणाले, "तठे नको बसू. मांगे बस."

"का?"

"भरेल शे."

रांग भरलेली आहे म्हणे! मी हसलो. ते हसले नाहीत. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो आणि त्यांचं भाषण सुरू झालं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ते सगळ्या खुर्च्यांकडे सारखं बघत नाहीत. काहींकडे बघून बोलतात, काही ओलांडून जातात. मध्येच थांबून मान जरा कलती करतात, मग "बरोबर आहे आपलं" असं म्हणून पुढे बोलतात. सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला मदत केली तेव्हा मागच्या तीन रांगा तव्यासारख्या तापल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना मी हात लावला नाही. त्या नानांनीच उचलल्या.

मग घागरी. अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, गळ्यापर्यंत पाणी, तोंडावर एक डांगर, म्हणजे खरबूज. मेलेला माणूस त्या दिवशी येऊन पाणी पितो असं मानतात. नानांची बायको वारल्यावर पहिल्या आखाजीला त्यांनी तिची घागर भरली, आणि शेजारी आणखी पाच. जिनमधल्या साच्यांनी त्यांवर काळ्या अक्षरांत नावं उमटवलेली. पहिल्या घागरीवर 'आपले जवान', मग 'युक्रेन', तिला खेटून 'रशिया', मग 'सुदान', 'येमेन'. पुढं दर वर्षी रांग वाढत गेली.

मी म्हटलं, "नाना, ही आपली माणसं नाहीत."

"आपलं माणूस मरनं ते आपन भरतस. तठे घरमा भरनारं बी कोनी उरनं नही. मंग त्यास्नी कोन भरी?"

दिवस मावळताना नाना एक लाकडी पट्टी प्रत्येक घागरीत बुडवून बघायचे, कुठल्या देशानं किती पाणी प्यायलं ते. नव्या घागरीतलं पाणी उन्हाळ्यात झिरपून उतरतंच, त्याला मेलेला माणूस लागत नाही, हे मला कळतं. पण एका वर्षी एका लहानशा देशाची घागर, ज्याचं नाव मला नकाशात शोधूनही चटकन सापडलं नव्हतं, संध्याकाळी तळापर्यंत रिकामी झाली. बाकीच्या चार बोटं उतरलेल्या. नानांनी पट्टी दोनदा बुडवून पाहिली. त्या देशातली लढाई तर केव्हाच थांबली होती. तिसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर कोपऱ्यात तिथं पुन्हा माणसं मारल्याची बातमी आली. मी ती नानांना दाखवली नाही. त्यांनी विचारलीही नाही.

दुसरी गोष्ट मी एकट्यानं पाहिलेली नाही, सगळ्या गल्लीनं पाहिली. रांगेच्या शेवटी नानांनी एकदा 'पाकिस्तान' नावाची घागर ठेवली. प्रचाराचा रुमाल गळ्यात घातलेला एक तगडा गडी ओट्यावर चढून आला. "नाना, हाई दुश्मननी घागर शे! कोनले इचारीसन भरी?"

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "तठली माय बी रडस रे. आपला जवानस्नी पहिली भरेल शे, देख. हाई शेवटली शे."

त्यानं लाथ मारली. घागर फुटली, डांगर घरंगळत नालीत गेलं आणि ओटा कोरडाच राहिला. सकाळी ती घागर मी स्वतःच्या हातानं भरली होती, अख्खा हंडा लागला होता. खापऱ्यांना आतून ओलसुद्धा नव्हती. तो गडी वाकून एक खापरी उचलून बघू लागला, अंगठ्यानं घासू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा जोर उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं कुंभारवाड्यातून एक कोरी घागर आणून ओट्यावर ठेवली आणि खाली मान घालून गेला. तेव्हापासून गावात नानांची थट्टा कमी झाली. पण लोक त्यांच्या ओट्याला वळसा घालून जायला लागले.

सुमनअक्का मात्र वळसा न घालता आली. अक्का आमच्या दोघांच्या मधल्या घरातली. तिचा जितू मालवाहू जहाजावर फिटर होता. दोन वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रात त्या जहाजावर मारा झाला. बाकीचे लोक सापडले, जितू सापडला नाही. कंपनीचं पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द कामाचा होता. अक्का तो कागद घेऊन जळगावला कलेक्टर कचेरीत जाऊन आली, तिथून दिल्लीला अर्ज गेले. आजतागायत उत्तर नाही. पहिली आखाजी तशीच गेली. दुसरी आली तशी भाऊबंद बसले. ते म्हणाले, किती दिवस टांगून ठेवायचं, घागर भरून मोकळं व्हा. सून कुंकू लावायची, ते पुसायचं की ठेवायचं हेही त्या एका घागरीवर येऊन ठेपलं होतं.

आखाजीच्या दिवशी उजाडताच अक्का नानांसमोर ओट्याखाली उभी राहिली. मी पत्रकांच्या घड्या घालत होतो, लोकसभेचं मतदान तीन दिवसांवर आलं होतं.

"नाना, मी घागर भरी दिधी आन् तो जित्ता व्हयना ते? आन् नही भरी आन् तो तठे पानीबिगर ऱ्हायना ते?"

सगळ्या जगावर बोलणारे नाना घागरी सरकवून रांगेच्या शेवटी एक जागा करू लागले. मग म्हणाले, "जित्ता माणूसनी घागर कोनी भरस का? नाव नको टाकू. डांगर नको ठेवू. हात नको जोडू. फक्त पानी भर आन् मन्हा रांगमा ठेव. दिन मावळाले देखू. पानी हालनं नही ते तो जित्ता शे."

अक्कानं मान हलवली आणि घागर आणायला गेली. मला नानांचा राग आला. मे महिन्यात कोऱ्या घागरीतलं पाणी न उतरता राहील कसं? आईचं काळीज असं पैजेवर लावायचं का?

त्याच सकाळी, थोड्या उशिरानं, आणखी एक प्रकार झाला. नानांनी त्या वेळी यादीतून चिन्ह मागून घेतलं होतं ते माठाचं. समोरची शाळा मतदान केंद्र. कुणीतरी तक्रार केली असणार. एक तरुण अधिकारी गाडीतून उतरला, मागे एक शिपाई, त्याच्या काखेत मांजरपाटाचा तागा.

"आजोबा, माझा नाइलाज आहे," अधिकारी खरोखर ओशाळून म्हणाला. "केंद्राच्या समोर तुमचं चिन्ह उघडं ठेवता येत नाही. झाकावं लागेल."

"हाई चिन्ह नही साहेब. मरेल लोके शेतस."

अधिकाऱ्यानं रांगेकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि शिपायाला हात केला. शिपायानं एकेका घागरीवर पांढरं कापड टाकून गळ्याशी सुतळी बांधली. काम झाल्यावर तो मागे सरकला आणि त्यानं चपला काढल्या. ओट्यावर पांढऱ्या कापडातली एक ओळ बसली होती. वर डांगराचं डोकं, खाली खांदे. शेवटची, अक्काची, तेवढी बिनडोक्याची. अधिकारी गाडीत जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली.

दुपारी आमरसाचं जेवण करून गाव आडवं झालं. माहेरी आलेल्या पोरी लिंबाच्या झोक्यावर होत्या, त्यांचं गाणं लांबून येत होतं. माझा चष्मा नानांच्या ओट्यावर राहिला होता म्हणून मी गेलो. नाना रांगेच्या टोकाला उकिडवे बसले होते. त्यांनी शेवटच्या घागरीची सुतळी सैल केली, कापड वर केलं, हातातला पितळी तांब्या आत रिकामा केला आणि कापड पुन्हा नीट बांधलं. वळले तर समोर मी.

त्यांनी तांब्या लपवला नाही. मग ते म्हणाले, "उमेदवार शे मी भाऊ. जनमभर एकबी आश्वासन दिधं नही. हाई एक दिधं."

"आणि पुढच्या आखाजीला?"

"पुढली आखाजीले बी. दिधं ते दिधं."

संध्याकाळी अक्का, सून आणि भाऊबंद यांच्यासमोर सुतळ्या सोडल्या. बाकीच्या घागरी चार-चार बोटं उतरलेल्या. अक्काची काठोकाठ. नानांनी पट्टी बुडवून तिच्या हातात दिली. अक्का तिथेच धुळीत बसली आणि मोठ्यानं रडली, भाऊबंदांकडे बघून रडली. सुनेनं कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. खोटेपणाची चीड आली होती, आणि हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून स्वतःचीही.

तीन दिवसांनी मी मत दिलं. शाळेतून बाहेर आलो तर नाना ओट्यावर होते. "या वखतले दिधं," म्हणाले. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. गेल्या वेळचंही त्यांना ठाऊक होतं तर. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण भर गल्लीत लाज वाटली म्हणून तसाच घरी आलो.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते थंडीत, चौकात. निवडणूक नाही, काही नाही, आणि चार रांगा खुर्च्या लावलेल्या. दुपारचे बारा. माईकच्या जागी कुणी नव्हतं. नाना पहिल्या रांगेत बसले होते, स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, नखं मात्र तशीच काळी. मी विचारलं, "आज भाषण नाही?"

"आज आयकाले उनू," ते म्हणाले, आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. रिकाम्या चौकाकडे तोंड करून ते मन लावून ऐकत होते, मध्येच मान डोलवत होते. मीही कान दिला. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गेले. झोपेतच.

त्यांची मुलगी बोदवडला दिलेली. दिवसकार्य करून जाताना तिनं माझ्याकडे घराची किल्ली आणि साच्यांची पेटी दिली. आखाजी आली तशी मी कुंभारवाड्यात गेलो. देश कमी झाले नव्हते, दोन वाढले होते. शाई नीट लावता येईना, 'सुदान' दोनदा पुसून काढावं लागलं. पोलीस किंवा अधिकारी कुणी येऊ नये म्हणून या वेळी रांग आतल्या अंगणात लावली आणि दाराला कुलूप घातलं. शेवटून दुसरी घागर नानांची, गळ्यापर्यंत पाणी, वर चांगलं पिकलेलं डांगर. शेवटची अक्काची, बिननावाची. तिनं सकाळी भरून दिली आणि मागे वळून न बघता घरी गेली. दिल्लीहून अजून उत्तर नव्हतं.

दुपारी अक्का आणि तिची सून आमच्याच घरी माझ्या बायकोबरोबर पानावर बसल्या होत्या. मी हात धुतले, नानांचा पितळी तांब्या भरला आणि किल्ली घेऊन निघालो. दिलेलं वचन माझं नव्हतं, पण ते ऐकणारा मी एकटाच उरलो होतो. कुलूप काढलं. अंगणात ऊन आणि ओळीनं घागरी. देशांच्या घागरी बोटभर उतरल्या होत्या, उतरायलाच हव्या. मी अक्काच्या घागरीशी उकिडवा बसलो आणि तांब्या तिरका करणार तोच थांबलो. घागर काठोकाठ होती. थेंब घालायला जागा नव्हती. काठ ओला होता आणि खाली मातीत, नानांच्या आणि तिच्या घागरीच्या मध्ये, पाणी सांडल्याचे चार ठिपके होते. ते वाळत होते.

मी नानांच्या घागरीवरचं डांगर उचललं. तिच्यातलं पाणी बरंच खाली गेलं होतं. हातातला भरलेला तांब्या मी तिच्यात रिकामा केला. पाणी वर आलं आणि बरोबर गळ्याशी थांबलं.

मी डांगर पुन्हा वर ठेवलं. दारात अक्का येऊन उभी होती, आत पाऊल न टाकता.

"भाऊ, पानी हालनं का?"

"नही अक्का," मी म्हणालो. "भरेल शे."